समुद्रापारची चांदी आणि स्पेनचा ‘अनियंत्रित’ राजा

एप्रिल १५२९ मध्ये स्पेनमधील सारागोसा या शहरात एक तह झाला. स्पेनचा राजा पहिला कार्लोस, ज्याला उरलेला युरोप सम्राट पाचवा चार्ल्स म्हणून ओळखत असे, त्याने या तहान्वये मालुकू बेटांवरचा आपला दावा साडेतीन लाख डुकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, घेऊन पोर्तुगालच्या राजाला सोडून दिला. ही बेटे आजच्या इंडोनेशियात आहेत आणि लवंगेचे झाड त्या काळी जगात फक्त तिथेच होत असे. याच बेटांकडे पश्चिमेच्या बाजूने जाणारी वाट शोधण्यासाठी चार्ल्सने दहाच वर्षांपूर्वी फर्डिनांड मॅगेलनला पाच जहाजे देऊन रवाना केले होते. मॅगेलन वाटेत मारला गेला, एक जहाज अर्ध्या वाटेवरूनच स्पेनला पळून आले, तीन गमावली गेली, आणि पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घालून १५२२ मध्ये जे एक जहाज परतले त्यावर अवघी अठरा माणसे उरली होती. एवढी किंमत मोजून उभा केलेला दावा राजाने रोख रकमेसाठी सोडला. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी समुद्रापलीकडचे जग एका उभ्या रेषेने आपसांत वाटून घेतले होते, पण ही बेटे नेमकी कोणाच्या वाट्याची आहेत हे त्या वेळी कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते, कारण समुद्रावर रेखांश मोजण्याचे भरवशाचे साधनच नव्हते. चार्ल्सला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे इटलीतल्या युद्धासाठी त्याला ताबडतोब पैसा हवा होता.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या काळातील युरोपीय राजांच्या कारभाराला ‘अनियंत्रित राजसत्ता’ असे म्हटलेले असते. हा शब्द वाचला की ज्याच्या इच्छेला कोणाचीही आडकाठी नाही असा राजा डोळ्यांपुढे उभा राहतो. मग अशा राजावर आपला हक्क विकून पैसा उभा करण्याची पाळी का यावी? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की राजसत्ता आणि सागरी मोहिमा हे दोन वेगवेगळे धडे राहत नाहीत, एकच धडा होतो. तो समजावून घेण्यासाठी मी इथे मुख्यतः स्पेनचे उदाहरण घेणार आहे, कारण समुद्रापारच्या संपत्तीवर राजसत्ता उभी करण्याचा इतका मोठा प्रयत्न त्या शतकात दुसरा झाला नाही.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. युरोपीय भाषांत या कारभारासाठी जो शब्द आहे तो मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ ‘बंधनातून मोकळा केलेला’ असा आहे. कायदा करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो स्वतः त्या कायद्याने बांधलेला नसतो, असे तेव्हाचे कायदेपंडित म्हणत. फ्रान्सचा झाँ बोदँ याने १५७६ मध्ये सार्वभौमत्वाची जी व्याख्या मांडली तिचाही रोख हाच होता. परंतु त्याच बोदँचे असेही म्हणणे होते की राजा ईश्वराच्या आणि निसर्गाच्या नियमांना बांधलेला आहे, आणि प्रजेची मालमत्ता तो तिच्या संमतीवाचून घेऊ शकत नाही. राजाच्या वर कोणी मनुष्य नाही, एवढाच या मोकळेपणाचा अर्थ होता. राजाने मनात आणले की काहीही होते, असा तो नव्हता.

यातली मालमत्तेची अट फार महत्त्वाची आहे, कारण कर म्हणजे प्रजेची मालमत्ताच. कास्तीलमध्ये, म्हणजे स्पेनच्या मधल्या मोठ्या राज्यात, नवा कर बसवायचा तर कोर्तेस या प्रतिनिधीसभेची मान्यता लागे आणि तिथे अठरा शहरांचे प्रतिनिधी बसत. आरागोन, कातालोनिया आणि वालेन्सिया यांच्या सभा निराळ्या, कायदे निराळे, आणि पैसा देण्याच्या बाबतीत त्यांचा हात अधिकच आखडता. स्पेन हे तेव्हा एक राज्य नव्हते. एका राजाच्या मस्तकावर अनेक मुकुट होते आणि प्रत्येक मुकुटाबरोबर शपथपूर्वक पाळायच्या अटी आलेल्या होत्या. दुसरीकडे तोफा, तटबंदी आणि बारमाही पगारी फौजा यांमुळे युद्धाचा खर्च वाढत चालला होता. चार्ल्स १५१९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटपदी निवडून आला तोच सुमारे साडेआठ लाख फ्लोरिन वाटून, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी घराण्याने दिलेले होते. परक्या राजाच्या परक्या महत्त्वाकांक्षेसाठी आपण पैसा का द्यावा, असे विचारत कास्तीलची शहरे १५२० मध्ये बंड करून उठली. पुढच्या वर्षी विय्यालारच्या लढाईत हे बंड मोडले गेले आणि पुढाऱ्यांचा शिरच्छेद झाला, पण पैशासाठी शहरांना फार ताणता येत नाही हे राजाला कळून चुकले. अशा राजाच्या दृष्टीने, ज्यासाठी कोणत्याही सभेपुढे उभे राहावे लागत नाही असे उत्पन्न म्हणजे पैशापेक्षाही मोठी गोष्ट होती. समुद्रापलीकडून येणारे उत्पन्न नेमके तसे होते.

या उत्पन्नाची सुरुवात मात्र राजाच्या खजिन्यातून झाली नव्हती, ती करारनाम्यातून झाली. १७ एप्रिल १४९२ रोजी सांता फे येथे इसाबेल राणी आणि फर्नांदो राजा यांनी कोलंबसाशी जो करार केला त्यात त्याला महासागराचा नौसेनाधिपती, सापडेल त्या भूमीचा राजप्रतिनिधी आणि नफ्यातील दहाव्या हिश्श्याचा धनी केले होते. देणगी अवाढव्य होती, कारण देताना राजाराणीच्या पदरचे फारसे काही जात नव्हते. जमीन खरोखरच सापडली आणि ती मोठी आहे असे दिसू लागले तेव्हा हीच देणगी दरबाराला खुपू लागली. १५०० मध्ये चौकशीसाठी पाठवलेल्या बोबादिय्या या अधिकाऱ्याने कोलंबसाला बेड्या घालून स्पेनला परत पाठवले. त्याच्या वारसांनी करारातल्या हक्कांसाठी दरबाराविरुद्ध चालवलेल्या दाव्यात मुख्य तडजोड व्हायला १५३६ साल उजाडले.

पुढच्या मोहिमांतही हीच रीत राहिली. जहाजे, घोडे, शस्त्रे आणि माणसे यांचा खर्च मोहिमेच्या नायकाने आणि त्याच्या भागीदारांनी करायचा; राजाने सनद आणि पदव्या द्यायच्या, आणि लुटीतला व खाणीतला पाचवा हिस्सा घ्यायचा. हा पंचमांश म्हणजे राजाचा हक्क. एर्नान कोर्तेसने १५१९ ते १५२१ या काळात मेक्सिकोचे राज्य बुडवले तेव्हा त्याच्याजवळ राजाची स्पष्ट परवानगीसुद्धा नव्हती. ती त्याने विजयानंतर मिळवली. फ्रान्सिस्को पिसारोने १५२९ मध्ये तोलेदो येथे रीतसर करारनामा घेतला, १५३२ मध्ये पेरूतील काहामार्का येथे इंका राजा आताउआल्पा याला दगा देऊन पकडले, आणि सुटकेसाठी सोन्याने व चांदीने खोली भरून घेतल्यावरही त्याला ठार केले. या खंडणीतला राजाचा वाटा १५३४ च्या आरंभी सेव्हिलच्या धक्क्यावर उतरला, आणि पुढच्याच वर्षी चार्ल्सने उत्तर आफ्रिकेतील ट्युनिसवर जी मोठी स्वारी केली तिच्या खर्चाला तो उपयोगी पडला. अँडीज पर्वतातल्या लोकांनी घडवलेली भांडी आणि दागिने वितळवून भूमध्य समुद्रातले एक युद्ध लढले गेले.

यानंतर राजापुढे निराळाच पेच उभा राहिला. ज्यांनी स्वतःच्या पैशाने आणि तलवारीने राज्ये जिंकली ते राजाचे चाकर म्हणून थोडेच राहणार होते! त्यांना बक्षीस म्हणून ‘एन्कोमिएन्दा’ दिल्या गेल्या होत्या. आपल्याकडच्या जहागिरीशी ही व्यवस्था थोडीफार जुळते: जमिनीची मालकी नाही, पण ठरावीक गावांतील लोकांकडून खंड आणि काम घेण्याचा हक्क, आणि बदल्यात त्यांचे रक्षण करण्याची व त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवण्याची जबाबदारी. प्रत्यक्षात जबाबदारी कागदावर राहिली आणि काम मात्र माणसे मरेपर्यंत घेतले गेले. देवीसारख्या रोगांच्या साथींनी आधीच गावेच्या गावे ओस पडत होती. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मोपदेशकाने हा छळ डोळ्यांनी पाहिला होता आणि तो वर्षानुवर्षे दरबारात त्याविरुद्ध बोलत होता. १५४२ मध्ये चार्ल्सने ‘नवे कायदे’ काढले: स्थानिक लोकांना गुलाम करण्यास बंदी, नव्या एन्कोमिएन्दा बंद, आणि धनी मेल्यावर असलेल्याही राजाकडे परत.

हे कायदे दयेपोटी आले की स्वार्थापोटी, असा वाद अभ्यासकांत चालत आला आहे. माझ्या मते दोन्ही हेतू खरे होते आणि ते एकाच दिशेने ओढत होते. लास कासासचे म्हणणे राजाच्या सद्सद्विवेकाला भिडले, आणि एन्कोमिएन्दा वंशपरंपरागत झाल्या तर समुद्रापलीकडे नवे सरदार घराणे उभे राहील ही भीतीही तितकीच जागी होती. युरोपात सरदारांचे हक्क शतकानुशतके मुरलेले होते आणि ते काढून घेणे अवघड होते. अमेरिकेत ते मुरण्याआधीच खुडून टाकण्याची संधी होती. पण पेरूमध्ये पिसारोचा भाऊ गोन्सालो याने बंड केले आणि १५४६ मध्ये कायदे अमलात आणायला आलेल्या राजप्रतिनिधीलाच लढाईत मारले. बंड मोडायला राजाने जो माणूस पाठवला तो पेद्रो दे ला गास्का हा धर्मगुरू होता. त्याने स्पेनहून सैन्य नेले नाही; त्याच्याजवळ राजाच्या सहीचे कोरे कागद होते. माफी, पदे आणि बक्षिसे यांची वचने त्या कागदांवर लिहून देत त्याने बंडखोरांचे लोक एकेक करून आपल्याकडे वळवले आणि १५४८ मध्ये गोन्सालोला देहान्त शिक्षा झाली. दरम्यान, १५४५ मध्येच, वारसा बंद करणारे कलम राजाने मागे घेतले होते. राजाचा शब्द तिथे चालला, पण तो वाकवूनच.

कारभाराची यंत्रणा याच धडपडीतून वाढत गेली. सेव्हिल येथे १५०३ मध्ये स्थापन झालेले व्यापारगृह अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येक जहाजाची, माणसाची आणि मालाची नोंद ठेवी. अमेरिकेच्या कारभारासाठी १५२४ पासून स्वतंत्र परिषद होती. मेक्सिकोत १५३५ पासून आणि पेरूत १५४० च्या दशकात राजप्रतिनिधी बसू लागले, त्यांच्यावर लक्ष ठेवायला न्यायमंडळे होती, आणि पद सोडताना प्रत्येक अधिकाऱ्याची जाहीर चौकशी होई, ज्यात कोणालाही तक्रार मांडता येत असे. अधिकाऱ्यांनी एकमेकांवर नजर ठेवावी आणि सर्वांनी राजाला परस्पर पत्रे लिहावीत, ही या रचनेतील खरी चावी होती. तरीही मेक्सिकोहून पत्र जाऊन त्याचे उत्तर यायला वर्ष सहज निघून जाई. म्हणून एक सूत्र रूढ झाले: ‘मी आज्ञा मानतो, पण अमलात आणत नाही.’ अधिकारी राजाज्ञेच्या कागदाचे चुंबन घेई, तो मस्तकावर ठेवी, आणि परिस्थिती निराळी असल्याने तूर्त अंमल करता येत नाही असे नम्रपणे लिहून पाठवी. आपल्या ‘शिरसावंद्य’ या शब्दात जे आहे ते अक्षरशः करून मग थांबायचे, असा हा प्रकार होता. हे बंड नव्हते. राजाला चुकीच्या माहितीवरून आज्ञा दिली गेली असेल तर फेरविचाराची सोय म्हणून कायद्यानेच ती वाट ठेवली होती. पाच हजार मैलांवरचा राजा ‘अनियंत्रित’ राहू शकला तो अशा पळवाटा मान्य करून.

माहिती ही या राजांची दुसरी भूक होती. सेव्हिलच्या व्यापारगृहात १५०८ पासून मुख्य नाविक नेमलेला असे आणि पहिला मान अमेरिगो वेस्पुचीला मिळाला, ज्याच्या नावावरून अमेरिकेला नाव पडले. परतलेल्या प्रत्येक नाविकाकडून माहिती घेऊन एक अधिकृत मूळ नकाशा सतत सुधारला जाई, आणि तो परकीयांच्या हाती पडू नये याची दक्षता घेतली जाई. चार्ल्सचा मुलगा फिलिप दुसरा, ज्याने १५५६ ते १५९८ राज्य केले, तो तर कागदांतच जगणारा राजा होता. १५७७ मध्ये त्याच्या दरबाराने अमेरिकेतील गावोगावच्या अधिकाऱ्यांना पन्नास प्रश्नांची छापील यादी धाडली: गावाचे नाव स्थानिक भाषेत काय, त्याचा अर्थ काय, नद्या कोणत्या, औषधी वनस्पती कोणत्या, लोक पूर्वी कोणाला कर देत, आता वाढत आहेत की घटत आहेत. अनेक गावांनी उत्तरांबरोबर स्थानिक चित्रकारांनी काढलेले नकाशे पाठवले. राजाने हे कर आणि कारभार डोळ्यांपुढे ठेवून विचारले होते, पण नष्ट होत चाललेल्या जगाची त्या लोकांच्याच हातची चित्रे त्यामुळे आज आपल्याला पाहायला मिळतात, आणि ती पाहताना मन भरून येते.

आता चांदीकडे वळू, कारण सगळ्याचा गाभा तिथे आहे. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच असलेल्या पोतोसी येथील डोंगरात चांदीचा प्रचंड साठा सापडला; पुढच्याच वर्षी मेक्सिकोत साकातेकास येथे दुसरा सापडला. पहिली काही वर्षे उत्तम प्रतीचे दगड स्थानिक कारागीर वाऱ्यावर पेटणाऱ्या छोट्या भट्ट्यांत वितळवत. ते संपत आले तेव्हा पाऱ्याची रीत आली. बार्तोलोमे दे मेदिना याने १५५४ च्या सुमारास मेक्सिकोतील पाचुका येथे ती यशस्वी केली होती: दगड कुटून त्याची भुकटी करायची, पाणी, मीठ आणि पारा घालून ती तुडवायची, आणि पाऱ्याने धरून ठेवलेली चांदी तापवून वेगळी करायची. १५७० च्या दशकात राजप्रतिनिधी फ्रान्सिस्को दे तोलेदो याने ती पोतोसीत आणली. पारा पेरूतच उआन्काव्हेलिका येथे निघत होता आणि स्पेनमध्ये आल्मादेन येथे. पाऱ्याचा मक्ता राजाने आपल्याकडे ठेवला होता, आणि यात मोठी हुशारी होती: कोणी किती पारा नेला हे ठाऊक असले की त्याने किती चांदी काढली असावी याचा अंदाज बांधता येई, मग पंचमांश चुकवणे अवघड होई.

माणसांची सोयही तोलेदोनेच लावली. इंका राजांच्या काळी आळीपाळीने सरकारी काम करण्याची ‘मिता’ नावाची पद्धत होती. तिचेच नाव घेऊन त्याने असा नियम केला की दूरदूरच्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सुमारे सातवा हिस्सा दरवर्षी पोतोसीला गेला पाहिजे. ही संख्या वर्षाला साधारण साडेतेरा हजार होती. माणसे बायकामुले आणि लामा या ओझी वाहणाऱ्या जनावरांचे कळप घेऊन आठवडेच्या आठवडे चालत येत. काळोख्या खाणीतून दगडांचे ओझे पाठीवर बांधून उंच शिड्या चढून वर आले की बाहेर अँडीजची बोचरी थंडी असे. मजुरी दिली जाई, पण तिच्यात पोट भरत नसे. पाऱ्याची वाफ आणि दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन माणसे खंगत. गाव सोडून परागंदा झालेल्याला मिता लागू होत नसे, म्हणून लोक गावे सोडत, आणि मागे राहिलेल्यांवर तोच आकडा पुरा करण्याचा बोजा पडे. ही वेठ कायद्याने रद्द व्हायला १८१२ उजाडावे लागले. फिलिपच्या दरबारातील धर्मशास्त्री या मजुरीच्या न्याय्यतेवर गंभीरपणे वाद घालत होते, ते वाद लेखी आहेत, आणि तरीही चांदी थांबली नाही. राजसत्तेचा हिशेब मांडताना हा आकडा पहिल्या ओळीत लिहिला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

चांदीचा पुढचा प्रवास ठरलेला होता. पोतोसीहून लामा आणि खेचरांवरून किनाऱ्याला, तिथून जहाजाने पनामाला, संयोगभूमी ओलांडून पलीकडच्या बंदरात, आणि मेक्सिकोच्या चांदीसह हवानामध्ये. १५६० च्या दशकापासून जहाजे एकटीदुकटी न जाता युद्धनौकांच्या संरक्षणात ताफ्याने जाऊ लागली. ताफा वादळाच्या हंगामाआधी निघाला की नाही, यावर सेव्हिलचेच नव्हे तर इटलीतील जिनोआ आणि नेदरलँड्समधील अँटवर्प या शहरांचेही व्यवहार अडून राहत. हा ताफा शत्रूला संपूर्णपणे लुटता आला तो पहिल्यांदा १६२८ मध्ये, जेव्हा क्युबातील मातान्सासच्या उपसागरात डच दर्यासारंग पीट हाइनने मेक्सिकोकडील जहाजे पकडली.

इथे मूळ प्रश्नाकडे परत येतो. एवढी चांदी येत असताना फिलिपच्या सरकारने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चार वेळा देणी थांबवल्याचे जाहीर का केले?

शेतकऱ्याने उभ्या पिकावर उचल घ्यावी तसा हा व्यवहार होता. फौज नेदरलँड्समध्ये राजाविरुद्धच्या बंडाशी लढत होती आणि तिला पगार दरमहा, तिथल्या नाण्यात, तिथेच हवा होता. चांदी मात्र वर्षातून एकदोनदा, सेव्हिलला येई. मधले अंतर जिनोआचे सावकार भरून काढत. ते अँटवर्पला हुंडीने पैसा पोहोचवत आणि पुढच्या ताफ्यातील चांदी व्याजासह आपल्या नावावर लिहून घेत. ताफा धक्क्याला लागण्याआधीच त्यातील राजाचा वाटा दुसऱ्याचा झालेला असे. फारच निकड आली तर राजा सेव्हिलला उतरलेली व्यापाऱ्यांची खाजगी चांदीही ताब्यात घेई आणि बदल्यात त्यांना व्याजाचे रोखे देई. हे रोखे एखाद्या शहराच्या विशिष्ट करावर तारण असत, त्यामुळे दरवर्षी नेहमीच्या करांतला अधिकाधिक भाग जुन्या व्याजातच जाई. देणी थांबवणे म्हणजे खजिना रिकामा झाल्याची घोषणा नसे. जास्त व्याजाचे तातडीचे कर्ज जबरदस्तीने कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत बदलण्याचा तो मार्ग होता. राजा कायद्याच्या वर होता म्हणून त्याला हे करता आले. आणि त्याच्यावर दावा लावता येत नाही हे ठाऊक असल्यानेच सावकार आधीच व्याज वाढवून घेत. अधिकार जितका मोकळा, तितके कर्ज महाग.

याची किंमत एकदा फार भयंकर रीतीने मोजावी लागली. सप्टेंबर १५७५ मध्ये फिलिपने देणी थांबवली. चिडलेल्या जिनोआच्या सावकारांनी नेदरलँड्सला पैसा पोहोचवणे बंद केले. महिनोन् महिने पगार न मिळालेल्या फौजेने बंड केले आणि ४ नोव्हेंबर १५७६ रोजी अँटवर्प हे युरोपातले अत्यंत श्रीमंत शहर लुटले. हजारो नागरिक मारले गेले. त्यानंतर चारच दिवसांत, घेंट येथे, एरवी आपसांत भांडणाऱ्या नेदरलँड्सच्या प्रांतांनी स्पॅनिश फौजांविरुद्ध एकजूट केली. शत्रूला जे साधले नव्हते ते एका आर्थिक हुकुमाने साधले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतून येणारा राजाचा वाटा, फिलिपच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात तो भरपूर असतानाही, एकूण उत्पन्नाच्या पंचमांश ते चतुर्थांश एवढाच होता. बाकीचा पैसा मुख्यतः कास्तीलचे शेतकरी, कारागीर आणि दुकानदार देत होते. इंग्लंडवर धाडलेले आरमार १५८८ मध्ये फसल्यावर फिलिपला १५९० मध्ये कास्तीलच्या प्रतिनिधीसभेकडेच जावे लागले, आणि सहा वर्षांत ऐंशी लाख डुकॅट देण्याचे तिने अटींसह मान्य केले. तो पैसा पुढे मांस, दारू, तेल आणि शिरका यांच्यावरील करांतून गरिबांच्या ताटातून वसूल झाला. चांदीने राजाला सभेपासून सुटका मिळवून दिली नाही. तिने त्याची पत वाढवली, पतीमुळे कर्ज वाढले, आणि कर्ज फेडायला तो पुन्हा सभेच्या दाराशी आला. शिवाय चांदीच्या आवकीबरोबर, आणि वाढत्या लोकसंख्येमुळेही, शतकभरात स्पेनमधील किमती सुमारे चौपट झाल्या, तेव्हा हाती येणाऱ्या नाण्याचे मोलही उतरत गेले. सालामांका विद्यापीठाशी संबंधित मार्तिन दे आस्पिल्कुएता याने १५५६ मध्येच लिहून ठेवले होते की जिथे पैसा मुबलक होतो तिथे त्याची किंमत घटते.

इतर राजांनी याच समुद्राकडे आपापल्या नडीने पाहिले. इंग्लंडची राणी एलिझाबेथ ही फ्रान्सिस ड्रेक या दर्यावर्दीच्या मोहिमेत भागीदार झाली आणि १५८० मध्ये तो स्पॅनिश चांदी लुटून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला तेव्हा तिचा वाटा तिच्या परदेशी कर्जाला पुरून उरला. फ्रान्सचा चौदावा लुई याच्या काळी कोलबेर या मंत्र्याने १६६४ मध्ये पूर्वेकडील व्यापाराची कंपनी काढली आणि दरबाऱ्यांना भाग घ्यायला भाग पाडले. १६६८ मध्ये तिने सुरतेला वखार घातली. तिथे व्यापाऱ्यांपेक्षा राजाची इच्छाच अधिक होती, आणि राजाचे लक्ष युद्धाकडे वळले की कंपनी वाळत असे. डचांची १६०२ ची कंपनी मात्र हजाराहून अधिक लोकांच्या भांडवलावर उभी होती, आणि तिच्या सावकाराला राजाच्या मर्जीची धास्ती नव्हती.

या कहाणीचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी निर्वंश झाली आणि फिलिपने सैन्य पाठवून ती मिळवली. गोवा, चौल, वसई, दमण ही ठाणी त्यामुळे स्पेनच्या राजाच्या छत्राखाली आली. पण १५८१ मध्ये तोमार येथे पोर्तुगालच्या प्रतिनिधीसभेपुढे त्याला शपथ घ्यावी लागली की पोर्तुगालचे कायदे, नाणे आणि अधिकारपदे पोर्तुगिजांचीच राहतील आणि पूर्वेकडील व्यापारही त्यांच्याच हाती राहील. त्यामुळे त्याच वर्षी गोव्याला आलेला नवा राजप्रतिनिधी फ्रान्सिस्को मस्करेन्यस हा पोर्तुगीजच होता, आणि सामान्य गोवेकराला राजा बदलल्याचे फारसे जाणवण्याचे कारण नव्हते. लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजे मसाल्याच्या खरेदीसाठी अमेरिकेच्या चांदीची स्पॅनिश नाणी भरून आणत. पोतोसीच्या डोंगरात फोडलेल्या दगडातली चांदी अशा रीतीने मांडवीच्या काठी उतरत होती, आणि मुघल टाकसाळीत गेली की रुपया होऊन बाहेर पडत होती.

नव्या राजाबरोबर त्याची वैरेही आली. डच हे फिलिपविरुद्ध बंड करून उठलेले लोक. लिस्बनची बाजारपेठ त्यांना बंद केली गेली तेव्हा ते मसाल्यासाठी स्वतःच पूर्वेकडे निघाले, आणि स्पेनच्या राजाची मालमत्ता म्हणून पोर्तुगिजांच्या ठाण्यांवर तुटून पडले. १६३६ पासून दर हंगामात डच गलबते गोव्याच्या बंदराचे तोंड अडवून उभी राहू लागली. इकडे युरोपात फिलिपच्या नातवाच्या सरकारने तोमारच्या अटी बाजूला सारून पोर्तुगिजांवर नवे कर बसवले आणि कातालोनियातील बंड मोडायला त्यांचे सरदार मागितले. डिसेंबर १६४० मध्ये लिस्बनने ब्रागान्साच्या ड्यूकला चौथा जुआंव या नावाने राजा म्हणून घोषित केले. ती बातमी आफ्रिकेला वळसा घालून १६४१ मध्ये गोव्याला पोहोचली, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी चौथ्या जुआंवच्या नावाने नवी शपथ घेतली.